फूल ते फळ: संजीवकं नेमकं करतात काय, आणि नवख्याने सुरुवात कुठून करायची

टोमॅटोची फुलं गळायला लागली की नवीन माणूस आधी काय विचारतो, तर "कोणतं टॉनिक मारू?" मी पण तेच विचारलं होतं. कुणीतरी जिब्रेलिक सांगितलं, मी मारलं, डोस पण जरा सढळ हातानेच, आणि आठ-दहा दिवसांत झाडं अशी सरसर वर गेली की बघणारे कौतुक करायला लागले. नीट बघितलं तर पेरं लांब, पानं फिकट, खोड बारीक आणि फुलं मात्र आधी जेवढी गळत होती तेवढीच गळतायत. कारण गळ होत होती रात्रीच्या उकाड्याने आणि मी मारत बसलो होतो उंची वाढवायचं औषध.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय. खत म्हणजे जेवण आणि संजीवक (झाडाच्या वाढीचं हार्मोन) म्हणजे निरोप. घरात पीठच नसेल तर "चार माणसं जेवायला येतायत" असा निरोप कितीही वेळा पाठवा, काय होणारे? आणि निरोप चुकीच्या वेळी पोचला तर गोंधळ वेगळाच. पुढे जे काही लिहिलंय ते या एका गोष्टीभोवतीच फिरतं.

पायरी १: आधी मंडळींची ओळख करून घ्या

पाच नावं लक्षात ठेवा, बाकीची नंतर बघू.

जिब्रेलिन म्हणजे लांबवणारं, मी मारलेलं जिब्रेलिक (जिब्रेलिक ॲसिड) यातलंच. याची गोष्ट मजेशीर आहे, भातात एक रोग येतो, त्यात रोपं बाकीच्यांपेक्षा उंच आणि पिवळी होतात, लोळतात आणि दाणा भरत नाही. १९२६ साली एइची कुरोसावा या जपानी संशोधकाने दाखवलं की रोगाची बुरशी जे सोडते तो अर्क नुसता दिला तरी रोपं तशीच उंच होतात. पुढे १९३५ मध्ये याबुता यांनी त्या पदार्थाला त्या बुरशीच्याच नावावरून जिब्रेलिन नाव दिलं. म्हणजे माझ्या टोमॅटोचं जे झालं तोच तर मूळ शोध होता, मला फक्त तेव्हा माहीत नव्हतं.

ऑक्झिन शेंड्यात, कोवळ्या पानात आणि वाढत्या बियांमध्ये तयार होतं आणि तिथून खाली वाहत जातं. फूल-फळ देठाला धरून ठेवणं आणि फळ फुगायला लावणं ही त्याची आपल्या कामाची कामं. एनएए हा त्याचाच कारखान्यात बनवलेला भाऊ.

सायटोकायनिन पेशींची संख्या वाढवतं. इथिलीन हा चक्क वायू आहे, पिकवणं, गळवणं, म्हातारं करणं त्याच्याकडे. १९०१ मध्ये दिमित्री नेल्युबोव या रशियन संशोधकाने सिद्ध केलं की दिव्यांच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे प्रयोगशाळेतली वाटाण्याची रोपं आखूड, जाड आणि आडवी वाढत होती. आणि पाचवं ॲबसिसिक ॲसिड, हे पाण्याचा ताण पडला की वाढतं, पानांची छिद्रं बंद करायला लावतं, बियांना झोपवतं आणि द्राक्षाला रंग चढवण्यातही त्याचा हात असतो.

यातलं एकही एकटं काम करत नाही हे मात्र विसरू नका. झाड बघतं ते यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण.

पायरी २: झाड कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. डोस थोडा इकडेतिकडे झाला तर कधी कधी निभावतं पण टप्पा चुकला की तेच औषध उलटं काम करतं.

*फूल यायचं ठरतं तो काळ.* फूल दिसायच्या खूप आधी फांदीवरच्या डोळ्यात (जिथून नवीन फुटवा निघतो तिथे) ठरलेलं असतं की इथून पान निघणार की फूल. हा निरोप पानांकडून शेंड्याला जातो असा अंदाज मिखाइल चायलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच बांधला होता आणि त्या न सापडलेल्या पदार्थाला फ्लोरिजेन म्हटलं होतं. तो एक छोटं प्रथिन आहे हे पक्कं व्हायला २००७ उजाडलं. दिवस किती लांब, थंडी किती पडली, झाडात साठा किती, हे सगळं बघून पानं तो निरोप पाठवतात.

आंब्यासारख्या झाडात इथे जिब्रेलिन खोडा घालतं. फांदीत ते जास्त असेल तर पालवी निघते, कमी झालं की मोहोर. पॅक्लोब्युट्राझोल बुंध्याशी देतात ते याचसाठी, ते झाडाला जिब्रेलिन बनवूच देत नाही. नवख्यांना माझा सल्ला, याला लगेच हात लावू नका. ते जमिनीत बराच काळ राहतं, दरवर्षी न मोजता ओतत गेलात तर पेरं आखडतात, मोहोर गच्च आणि आखूड येतो, आणि एकदा मातीत गेलेलं काढून घेता येत नाही.

फिलिपिन्समध्ये रामोन बार्बा यांनी पोटॅशियम नायट्रेटच्या फवाऱ्याने आंब्याला मोहोर आणून दाखवला, तो मार्ग वेगळा. ते संजीवक नाहीच, तयार होऊन झोपलेल्या डोळ्याला फक्त जागं करतं. कोवळ्या लुसलुशीत फांदीवर मारलंत तर काही होत नाही, तिथे जागं करायला कुणी तयारच नसतं.

अननसाचं आणखी वेगळं, त्याला इथिलीन मिळालं की तो फुलावर येतो. अझोर्स बेटांवर १९व्या शतकात काचघरात धूर झाला आणि झाडं एकदम फुलली असं सांगतात, धुरात इथिलीन असतं म्हणून. आज सगळी बाग एकदम काढणीला यावी म्हणून इथेफॉन (झाडात जाऊन इथिलीन सोडणारं औषध) वापरतात तोच धागा आहे.

अजून एक, काही फळझाडं एक वर्ष लदबदतात आणि दुसऱ्या वर्षी रुसतात, त्यामागेही हाच खेळ असतो. सफरचंदाचं उदाहरण घ्या, वाढत्या फळातल्या बिया जिब्रेलिन सोडतात आणि ते शेजारच्या डोळ्यांना पुढच्या वर्षीचं फूल धरू देत नाही, वर एवढी फळं पोसण्यात साठा पण संपतो. म्हणून यावर पहिला उपाय बाटलीत नसून हातात आहे, फळं बारीक असतानाच विरळणी करा. उशिरा केलीत तर फळाचा आकार सुधारेल पण पुढच्या वर्षीचं फूल गेलेलं असेल.

*नर का मादी.* काकडीवर्गीय वेली लावणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. काकडीत इथिलीनने मादी फुलं वाढतात, जिब्रेलिनने नर. त्यामुळे इथेफॉनचा सौम्य फवारा २ ते ४ खऱ्या पानांवर असताना देतात, कारण तेव्हाच पुढच्या पेरांवरच्या कळ्यांचं ठरत असतं. वेल मांडवावर चढल्यावर "नर फुलंच फार येतायत" म्हणून मारलं तर उशीर झालेला असतो. आणि काकडीचं ऐकून कलिंगडावर करायला जाऊ नका, तिथे इथिलीनचं काम उलटं आहे, मादी फुलं कमी होतात! एकाच कुळातली दोन पिकं आणि निरोपाचा अर्थ दोघांनी वेगवेगळा लावलेला.

*फळ धरतं तो काळ.* परागकण पडला, नळी खाली गेली, बीज फळलं, की तिथून ऑक्झिन आणि जिब्रेलिन सुटतं आणि अंडाशयाला कळतं की आता फुगायचं. नाही कळलं तर फूल गळतं, झाडाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. १९३६ मध्ये गुस्ताफसन यांनी परागीभवन न होऊ देता फुलाला ऑक्झिनसारखे पदार्थ लावून टोमॅटोसकट काही पिकांत बिनबियांची फळं धरवून दाखवली. पण मला सगळ्यात आवडतो तो निच यांचा १९५० चा स्ट्रॉबेरीचा प्रयोग. स्ट्रॉबेरीवर बाहेरून जे बारीक दाणे दिसतात (खरं फळ तेच) ते त्यांनी टोचून काढले तर गर वाढायचा थांबला, थोडेच ठेवले तर तेवढ्याच भागात फुगला, आणि सगळे काढून ऑक्झिनचा लेप दिला तर परत वाढला. म्हणजे बी ही फळाची चालती फॅक्टरी. तुमची काकडी एका टोकाला जाड आणि दुसरीकडे निमुळती होते ना, बऱ्याचदा एका भागात बिया नीट भरलेल्या नसतात.

टोमॅटोत रात्रीचं तापमान साधारण १३ अंशांच्या खाली गेलं किंवा २१-२४ च्या वर राहिलं की परागकण नीट काम करत नाहीत. अशा वेळी ४-सीपीए किंवा तत्सम ऑक्झिन फुलांच्या झुपक्यावर हलकं मारून परागकणाचं काम भागवता येतं. फक्त झुपक्यावर बरं का, शेंड्यावर आणि पानांवर गेलं तर पानं दोरीसारखी आकसतात. डोस जास्त झाला तर फळ आतून पोकळ आणि टोकाला चोच आल्यासारखं होतं.

*फळ वाढतं तो काळ.* सुरुवातीचे काही दिवस पेशींची संख्या वाढते आणि मग त्या पेशी फुगतात. शेवटी फळ किती मोठं होणार हे बरंचसं पहिल्या टप्प्यात ठरून जातं, म्हणून अर्धी वाढ झाल्यावर "साइज येत नाही" म्हणून धावाधाव करण्यात फारसा अर्थ नसतो. बिनबियांच्या द्राक्षात हे छान दिसतं. थॉमसन सीडलेसमध्ये बीज फळतं पण लवकरच मरतं, घरचं जिब्रेलिन कमी पडतं, मग आपण बाहेरून देतो. तेच जिब्रेलिक ॲसिड फुलोऱ्याआधी दिलं तर घडाची दांडी लांबते आणि मणी सुटे बसतात, फुलोऱ्यात दिलं तर काही फुलं गळून विरळणी होते, मणी धरल्यावर दिलं तर मणी मोठे होतात. एकच बाटली, तीन वेळा, तीन कामं. फुलोऱ्यातला डोस कमी असतो आणि मणी वाढवायचा जास्त, हे उलट करणाऱ्याचा घड रिकामा होतो.

सायटोकायनिनच्या जातीचं फोरक्लोरफेन्युरॉन किवी-द्राक्षात आकार वाढवायला वापरतात, पण जास्त झालं की पिकणं लांबतं आणि साल जाड होते. २०११ साली चीनच्या च्यांग्सू प्रांतात कलिंगडं शेतातच फटाफट फुटल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हा काही ठिकाणी हेच उशिरा मारलेलं आणि वर जोराचा पाऊस अशी चर्चा झाली होती.

*गळ आणि पिकणं.* देठात एक ठरलेली जागा असते, तिथून फळ सुटतं. फळाकडून ऑक्झिन वाहत असतं तोवर ती जागा शांत राहते, प्रवाह आटला की ती इथिलीनला हळवी होते आणि पेशी एकमेकांना सोडतात. काढणीच्या आधीची गळ थांबवायला एनएए १० ते २० पीपीएम (म्हणजे किती ते पायरी ५ मध्ये) देतात ते यामुळेच. पण सफरचंदात फळं अगदी बारीक असताना एनएए दिलं तर ते विरळणीचं काम करतं! पुन्हा तेच, टप्पा.

पिकण्याचं एवढंच सांगतो की केळी, आंबा, टोमॅटो, पपई ही फळं काढल्यावरही इथिलीनने पिकतात, द्राक्ष, संत्रं, स्ट्रॉबेरी, डाळिंब काढल्यावर गोड होत नाहीत, म्हणून त्यांना घाईत तोडून नंतर काही करता येईल या भरवशावर राहू नका.

पायरी ३: गळ कशामुळे होतेय ते आधी शोधा

खाली पडलेली दहा-वीस फुलं उचला आणि हातात घेऊन बघा. टोमॅटोचं फूल देठाच्या सांध्यावरून स्वच्छ सुटलंय आणि आतला गाठोडा (अंडाशय) फुगलेलाच नाही तर फळधारणाच झाली नाही, मग तापमान, परागीभवन, बोरॉन या दिशेने जा (परागनळी वाढायला बोरॉन लागतं). गाठोडा फुगून मग गळलंय तर झाडाला पोसणं झेपत नाहीये, पाण्याचा ताण, किंवा एकदम दिलेलं पाणी, किंवा मुळं खराब. काकडीचं बोटाएवढं फळ टोकाकडून पिवळं पडतंय तर बहुतेक मधमाशी आलीच नाही, सकाळी जाऊन बघा फुलांवर कोण फिरतंय. झाड गर्द हिरवं, माजलेलं, आणि फूल कमी असेल तर नत्र जास्त झालंय, अशा झाडाला वर जिब्रेलिक म्हणजे आगीत तेल. फुलात फुलकिडे आहेत का ते पांढऱ्या कागदावर फूल झटकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे पण कुणी करत नाही.

यातलं कारण सापडलं तर आधी ते दुरुस्त करा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा पुढच्या पायऱ्या लागतच नाहीत.

पायरी ४: लेबल

त्या औषधाला तुमच्या पिकासाठी परवानगी आहे का, कोणत्या टप्प्यावर, किती, आणि फवारणी ते काढणी किती दिवस थांबायचं, हे लेबलवर असतं. लेबल आणि मित्र यांच्यात मतभेद झाला तर लेबलचं ऐका. नुसतं "फुल-फळ बूस्टर" लिहिलेलं आणि आत काय ते न लिहिलेलं घेऊच नका.

पायरी ५: पीपीएमचं गणित

याला लोक उगाच घाबरतात. १ पीपीएम म्हणजे १ लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम. सूत्र असं: हवं तेवढं पीपीएम गुणिले लिटर पाणी, भागिले (बाटलीवरचे टक्के गुणिले १०). उत्तर मिली किंवा ग्रॅममध्ये येतं.

एनएए ४.५ टक्के आहे, १० लिटरला २० पीपीएम हवंय: २० × १० = २००, भागिले ४५, म्हणजे ४.४ मिली. इथेफॉन ३९ टक्के, १० लिटरला २०० पीपीएम: २००० भागिले ३९०, साधारण ५ मिली. जिब्रेलिक पावडर ९० टक्के, १० लिटरला २० पीपीएम: २०० भागिले ९००, म्हणजे ०.२२ ग्रॅम. बघा हा आकडा! चमच्याने, झाकणाने, अंदाजाने हे होणारच नाही. बारीक वजनकाटा नाहीतर मिलीच्या खुणा असलेली सिरिंज लागेलच. काटा मोठा असेल तर १ ग्रॅम पावडर १०० मिली द्रावणात करा आणि त्यातलं २२ मिली घ्या, झालं. (मी पहिल्या वेळी "चिमूटभर" टाकली होती, चिमूट म्हणजे किती हे आजपर्यंत कळलेलं नाही.)

पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, गुठळ्या राहतात, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून मग पाण्यात ओता. पाणी क्षारयुक्त असेल तर पीएच बघा, जिब्रेलिक किंचित आम्लधर्मी पाण्यात टिकतं. इथेफॉनचं तर कामच पीएचवर चालतं, आम्लात ते शांत असतं आणि पीएच ४-५ च्या वर गेला की फुटून इथिलीन सोडतं. झाडाच्या पेशीत हेच व्हायला हवं, पण पाणीच अल्कधर्मी असेल तर ते तुमच्या टाकीतच होतं आणि पानावर जातं ते नुसतं पाणी. म्हणून द्रावण ताजं करा, लगेच संपवा, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. इथेफॉन मूळ बाटलीत चांगलंच आम्ल असतं, डोळ्यात उडालं तर वाट लागेल, चष्मा आणि हातमोजे घाला.

पायरी ६: फवारणी

सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, थेंब जितका वेळ ओला राहील तितकं आत जातं. ताणलेल्या, सुकलेल्या झाडावर काहीच मारू नका, आदल्या दिवशी पाणी द्या. गरमीत इथेफॉन जास्त जोरात काम करतं त्यामुळे थंडीत चाललेला डोस उन्हाळ्यात पानं गाळू शकतो. कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि संजीवक अशी खिचडी एका टाकीत करायची सवय असेल तर ती सोडा, बिघडलं तर कशामुळे ते कधीच कळणार नाही.

आणि पंप. तणनाशकाचा पंप या कामाला अजिबात नको. २,४-डी हे तणनाशक मुळात ऑक्झिनच आहे, फक्त एवढ्या डोसमध्ये की तण वेडंवाकडं वाढून मरतं. पंपात राहिलेला त्याचा अंशसुद्धा टोमॅटो आणि कापसाची पानं वाकडी करायला पुरतो, नुसतं पाण्याने धुवून ते जात नाही.

पायरी ७: चार झाडं सोडा

पहिल्या वेळी सगळ्या प्लॉटवर मारूच नका. एक ओळ मारा, शेजारच्या ओळीतली चार-पाच झाडं तशीच सोडा आणि त्यांना रंगीत दोरी बांधा. मारायच्या दिवशी दोन्हीकडची उमललेली फुलं मोजा, वहीत तारीख, टप्पा, पीपीएम, तापमान लिहा, मग दहाव्या दिवशी धरलेली फळं मोजा. दोरी नसेल तर आपण स्वतःला फसवतो, कारण दहा दिवसांत हवा पण बदललेली असते आणि श्रेय जातं बाटलीला. माझ्या दुसऱ्या हंगामात दोरीवाल्या झाडांना मारलेल्या ओळीएवढीच फळं लागली होती, रात्री गार व्हायला लागल्या होत्या एवढंच. उरलेली बाटली मी परत कपाटात ठेवली.